अदलाबदलीच्या घराला वकील

माझ्या दारावर कुणी कागद चिकटवलेला मला खपत नाही. मग तो निवडणुकीचा असो, सत्संगाचा असो की कुणाच्या ट्यूशनचा. त्यामुळे त्या दुपारी शाळेतून परतले आणि एक माणूस आमच्या दाराला ब्रशनं खळ फासताना दिसला, तेव्हा मी रिक्षातून उतरता उतरताच ओरडले, "ओ भाऊ! काय चाललंय? दिवाळीला रंग दिलाय त्या दाराला!"

तो बिचारा दचकला. चाळिशीचा, घामाघूम, खांद्याला पिशवी. "मॅडम, मैं तो नौकरी करता हूँ," म्हणाला, कागद तळव्यानं दाबून बसवला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला. मी कागद ओढायला हात घातला, वरच्या ओळी वाचल्या आणि हात तिथंच राहिला. गुजरातीत आणि इंग्रजीत लिहिलं होतं, की या घरावरचं कर्ज थकलेलं आहे, फायनान्स कंपनीनं घराचा कागदोपत्री ताबा घेतलेला आहे, तरी कुणीही या मालमत्तेचा व्यवहार करू नये. घर नंबर चाळीस. म्हणजे आमचंच. कर्जदार म्हणून नाव मात्र आमच्या शेजारणीचं.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या पहिल्या वकिलासारखे माझ्याकडे बघत बसाल.

सुरतेत उधन्याच्या पुढे आमची रो-हाउसची सोसायटी आहे. घरं एकाला एक चिकटलेली, दोघांत एक भिंत. बारा वर्षांपूर्वी आम्ही एकेचाळीस नंबरचं घर घेतलं, कोपऱ्यावरचं. त्याच आठवड्यात चाळीस नंबर घेतलं ते धुळ्याकडच्याच एका कुटुंबानं. तो पलीकडच्या सचिन गावातल्या कारखान्यात लूम सांभाळायचा, ती घरी बसून साड्यांना लेस लावायची. आम्हीही खानदेशातलेच. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका, आमचे हे पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी दोन्ही घरची माणसं आपापलं घर बघायला आली आणि घोळ तिथंच झाला.

आमच्या कोपऱ्याला गटाराचा उतार होता म्हणून बिल्डरनं जोतं उंच घेतलेलं. चार पायऱ्या. माझ्या सासूबाईंचे गुडघे तेव्हा पार गेले होते. त्या पहिल्याच पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला काही वर जाववत नाही. तुम्ही राहा आत, मी इथंच पथारी टाकते." शेजारच्यांना फक्त एक पायरी. पण त्यांची अडचण वेगळीच. त्यांच्याकडे श्रावणात कानबाई बसते. आमच्या खानदेशात ज्या घरी हा देवीचा मान असतो, तिथं अख्खी भाऊबंदकी रोटाचा प्रसाद खायला गोळा होते. पुढच्या एवढ्याशा खोलीत पन्नास माणसं कुठं कोंबायची, म्हणून ती बाई कपाळाला हात लावून उभी. आणि आमच्या कोपऱ्याला बाजूनं छान मोकळी जागा.

"मग बदलूनच घ्या की," सासूबाई पायरीवरून म्हणाल्या.

झालं. चहासुद्धा व्हायचा होता, तोवर आम्ही दोघींनी एकमेकींच्या हातात किल्ल्या दिल्या. आकार सारखा, किंमत सारखी. कागदाचं काय? कागदाचं बघू नंतर. त्या नंतरला बारा वर्षं झाली. मी वर्गात पोरांना घसा फोडून सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका, आणि माझं स्वतःचं घर कागदावर दुसरीचं! लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, कारण सगळं इतकं सुरळीत चाललं होतं. लाइटबिल, वेराबिल म्हणजे घरपट्टी, नाव न बघता ज्यानं त्यानं भरायचं. टपाल मात्र नाव बघून मागच्या भिंतीवरून पलीकडे द्यायचं. पोस्टमनलाही ही पद्धत पाठ झाली होती.

आता आलं लक्षात? त्यांचं कागदावरचं घर म्हणजे आम्ही राहतो ते. दोन वर्षांपूर्वी एम्ब्रॉयडरीचं मशीन घ्यायला त्यांनी ते तारण ठेवून कर्ज काढलं. कंपनीचा साहेब घर मोजायला आला तो अर्थातच आमच्याकडे. शेजारणीनं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, "ताई, उद्या एक साहेब येतील, तेवढं घर पाहू द्या त्यांना." मी दाखवलं. हॉल, किचन, मोरी, गच्ची, सगळं. वर चहा पाजला, बिस्किटं दिली. स्वतःचं घर गहाण टाकून घेणाऱ्याला मी बिस्किटं दिली! हे आठवलं की अजून माझा मलाच राग येतो.

आणि हिवाळ्यात कंपनीचं जाड रजिस्टर पाकीट आलं. नाव तिचं. मी उघडलं नाही, सभ्य बाई ना मी! वर मेथीच्या भाजीची वाटी ठेवली आणि भिंतीपलीकडे दिलं. त्यात साठ दिवसांची नोटीस होती.

तर दारावरचा कागद वाचून मी तशीच तरातरा शेजारी गेले. ती दारातच उभी होती. खळवाल्याला तिनंही पाहिलं होतं. मशीनला काम नाही, मशीन विकलं तर निम्म्यानंही जात नाही, हप्ते थकले, आणि लाजेपोटी तिनं कुणाला सांगितलं नाही, असं सगळं तुटक तुटक बाहेर आलं. मी ऐकून घ्यायला हवं होतं. पण माझा स्वभाव! "माझ्या दाराला कागद लागेपर्यंत तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?" इथून जी सुटले ती पार तिच्या माहेरापर्यंत पोचले. ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, "ताई, कसं सांगू, माले समजनंच नही." मी पाय आपटत घरी आले. आमचं बोलणं बंद झालं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

आमचे हे शांत माणूस. जेवताना म्हणाले, "भांडण पळून जात नाही. आधी वकील बघू."

वकील बघू म्हणणं सोपं. आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी कधी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. डॉक्टर कुठला चांगला, हे सोसायटीत कुणीही सांगेल. पोराला कुठल्या क्लासला घालावं, हे न विचारता सांगतील. पण घरावर जप्ती आली तर कुठल्या वकिलाकडे जावं, हे विचारायचं तर आधी आपल्या घरावर जप्ती आली आहे हे सांगावं लागतं. तिथंच गाडी अडते. मी स्टाफरूममध्ये "माझ्या एका मैत्रिणीसाठी" म्हणून विचारून पाहिलं, तर चौघींनी माझ्याकडे इतक्या प्रेमानं बघितलं की मी खडू घेऊन वर्गावर निघून गेले.

पहिला वकील मिलमधल्या एका ओळखीतून मिळाला. कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल, टेबलावर शिक्के, शिक्क्यांवर धूळ. वयस्कर गृहस्थ, बोलायला गोड. नोटीस हातात घेतली, चष्मा वर केला, दोनदा हं हं केलं आणि म्हणाले, "काही काळजी करू नका. दिवाणी दावा ठोकून देऊ. वीस वर्षं निकाल लागत नाही. तोवर आरामात राहा." आमच्या ह्यांचा चेहरा खुलला. मी विचारलं, "कुठल्या कायद्याखाली आहे हो ही नोटीस?" त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणाले, "तोच तो, नेहमीचा." बावीस वर्षं मी पोरांना धडा वाचायला लावते आहे. न वाचता वाचल्यासारखं करणारं तोंड मला लांबून ओळखू येतं. मग मी मुद्दाम घरांच्या अदलाबदलीचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना बैलाचं दूध काढायला सांगितलंय. आम्ही उठलो.

दुसरा वकील म्हणजे थेट रिंग रोडवरचं ऑफिस. काचेचं दार, आत एसी इतका की मी पदर कानाला गुंडाळून बसले. तासाभरानं एक ज्युनिअर आला, कागद बघून म्हणाला, "पण बेन, आमां तमारुं नाम क्यां छे?" माझं नाव त्यात नाही, हेच तर सांगायला आले होते मी! सगळी कथा पहिल्यापासून सांगितली. तो आत गेला. काचेपलीकडे मोठे साहेब हसताना दिसले. मग ते स्वतः बाहेर आले, मला नीट न्याहाळून म्हणाले, "तमे तो टीचर छो ने?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी जाता जाता एक कामाचं वाक्य त्यांच्याकडून मिळालं, की हे प्रकरण इथल्या कोर्टाचं नव्हेच. मग कुठलं? ते सांगायची त्यांची फी वेगळी होती.

आठवडे असे गेले आणि एका सकाळी गेटाशी मोटारसायकल थांबली. तोच खळवाला. मला बघून तो गेटाबाहेरच उभा राहिला.

"मॅडम, बस एक फोटो. पहिले वाले में मकान का नंबर नहीं आया. साहब ने वापस भेजा."

मी तोंड उघडलं होतं, पण त्याचा घामेजलेला चेहरा बघून मला एकदम वेगळंच सुचलं. म्हटलं, "फोटो काढा. आणि आधी बसा, पाणी घ्या." तो संशयानं ओट्यावर टेकला. पाणी प्याला. मी समोर उभी राहिले आणि वर्गात विचारते तसं सरळ विचारलं, "भाऊ, तुम्ही दिवसभर लोकांच्या दारांना कागद लावता. खरं सांगा, असा कोण वकील आहे, ज्याचं नाव ऐकल्यावर तुमचे साहेब टेन्शनमध्ये येतात?"

तो हसायलाच लागला. मग इकडे तिकडे बघून, आवाज बारीक करून म्हणाला, "एक मॅडम है. उधना दरवाजे के पास, लोचो की दुकान के ऊपर. उनका कागज आता है तो हमारे साहब पूरी फाइल फिर से पढ़ते हैं." एवढं सांगून तो घाईनं उठला, फोटो काढला आणि दारावरचा खळीचा ओघळ स्वतःच्या रुमालानं पुसून गेला. माझा त्याच्यावरचा राग तिथं संपला.

लोचोच्या, म्हणजे वाफवलेल्या सुरती फरसाणाच्या दुकानावरचा जिना इतका अरुंद की आम्ही दोघं मागेपुढे करत चढलो. वर एक खोली, भिंतीला फायली, टेबलामागे पन्नाशीच्या सुरती बाई, चष्मा साखळीला लटकवलेला. समोर लोचोची प्लेट. "मराठी समजते मला," त्या म्हणाल्या, "माझे निम्मे अशील तुमच्याकडचेच. बोला. नाही, थांबा, आधी कागद द्या."

आधी कागद द्या! मला तर तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी नोटीस पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा वाचली, मग विचारलं कागद दाराला लागला तो दिवस कुठला, आणि कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. "पंचेचाळीस दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. अहमदाबादला कर्जवसुलीचं वेगळं न्यायाधिकरण आहे, तिथं. पंचवीस गेलेत. दिवाणी दावा टाकला असतात तर दारातूनच परत पाठवलं असतं. माझी फी इतकी, अहमदाबादला जायचा खर्च वेगळा, आणि घर वाचेलच असं मी कुणालाही सांगत नाही." बोलतानाच त्यांनी फी एका चिठ्ठीवर लिहून आमच्यापुढे सरकवली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी सरळ बोलताना भेटलं होतं.

मग मी अदलाबदल सांगितली. त्यांनी कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी दोन चौकोन काढले, एकात चाळीस लिहिलं, दुसऱ्यात एकेचाळीस, वर मालकांची नावं, खाली राहणाऱ्यांची. बाण काढले. बाणांकडे बघत राहिल्या आणि मग जे हसत सुटल्या, ते चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बारा वर्षं!" त्या म्हणाल्या. "अने कोईए पूछ्युं पण नहीं!" त्यांच्या हसण्याचा मला राग आला नाही. मलाही हसू यायला लागलं होतं.

हसून झाल्यावर मात्र त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. पेन्सिलीनं एकेचाळीसच्या चौकोनावर टकटक केलं.

"बेन, तुम्ही उगाच घाबरलात. तुमचं तर काहीच जात नाहीये. हे कोपऱ्यावरचं घर कागदावर तुमचं आहे, त्यावर एक पैसा कर्ज नाही. सामान उचला आणि तुमच्या घरात राहायला जा. कंपनी चाळीस नंबर लिलावात काढेल, काढू दे. घर जाईल ते त्यांचं."

"आणि ते लोक?" आमचे हे म्हणाले.

"ते त्यांनी बघायचं. कायद्यानं ते तुमच्या घरात फुकट राहताहेत."

वकिलीणबाईंनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "विचार करा. अर्ज करायचाच असेल तर तो तुमच्या शेजारणीच्या नावानं होईल. कर्जदार ती आहे. वकीलपत्रावर सही तिची लागेल. मग उद्या तिला घेऊन या."

गल्लीत शिरताना कोपऱ्यावरचं घर समोर आलं. खोटं कशाला बोलू? पाच मिनिटं मी त्या घरात राहून आले. बाजूच्या मोकळ्या जागेत तुळस लावली, खिडक्यांना पडदे लावले, हिरवे. सासूबाई आता नाहीत, चार पायऱ्या चढायला आम्हाला काय जातंय? आणि चूक कुणाची? तिची. लपवलं कुणी? तिनं.

मग आमच्या दाराची ती एकुलती पायरी चढले आणि मला सासूबाईंची शेवटची दोन वर्षं आठवली. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि माझी शाळा तेव्हा दुपारची. रोज बारा वाजता शेजारीण लेसचं काम बाजूला ठेवून यायची, त्यांना अंघोळ घालायची, भरवायची, कूस बदलायची. दोन वर्षं. मी एकदा काही द्यायला गेले तर रागावली होती. मी ओट्यावर बसले आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली. पडद्यांची तर फारच.

सकाळी उठून तिच्याकडे जायचं, असं मी ठरवलं होतं. बोलायला कशी सुरुवात करायची ते मनात घोळवत होते, तर दारात तीच उभी. हातात किल्ल्यांचा जुडगा. मागे त्यांच्या ओट्यावर भांड्यांची गाठोडी, गाद्यांच्या वळकट्या, बांधलेलं सगळं.

"ताई," ती म्हणाली, "हाई घर तुमनंच शे. आमच्या पोरगीनं नोटीस वाचून सगळं सांगितलं. दुपारपर्यंत रिकामं व्हई जाई. आम्ही गावी जातो. तुमचं काही जाऊ देणार नाही मी."

किल्ल्या तिनं माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या तिच्याच मुठीत परत कोंबल्या आणि मग माझा जो स्फोट झाला, तो अख्ख्या गल्लीनं ऐकला.

"कुणाला विचारून भांडी बांधलीस गं? तीन महिन्यांवर श्रावण आलाय, कानबाई काय स्टेशनवर बसवणार आहेस? आणि मला त्या चार पायऱ्या चढायला लावतेस? माझे गुडघे बघ, सासूबाईंच्या वाटेला लागलेत! वकील शोधून शोधून माझ्या चपला झिजल्या आणि ही निघाली गावाला! सोड ती गाठोडी आधी. साडी बदल. वकिलीणबाई वाट बघताहेत."

ती रडायला लागली. मग मीही. आमचे हे आतून तीन कप चहा घेऊन आले आणि काहीच न झाल्यासारखं म्हणाले, "साखर जास्त पडलीय बहुतेक."

लोचोवरच्या ऑफिसात मी शेजारणीला पुढे केलं. वकिलीणबाईंनी आमच्या दोघींच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि कसलाही प्रश्न न विचारता वकीलपत्र पुढे ओढलं. मग शेजारणीला विचारलं, "पहिली नोटीस आली तेव्हा तुम्ही काहीच उत्तर दिलं नाहीत?"

"दिलं ना. पोरीनं इंग्रजीत लिहून दिलं. सहा महिने थांबा म्हणून. रजिस्टर केलं होतं." तिनं पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात पत्राची झेरॉक्स आणि पोस्टाची पावती. "त्यांचं काही उत्तर आलं नाही."

वकिलीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "हे मोठं आहे, बेन! तुमच्या पत्राला पंधरा दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तर न देता ताबा घेतला? आता बघतेच त्यांच्याकडे." मग शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "हे कुणाला दाखवलं का नाही?" शेजारीण म्हणाली, "कुणी विचारलंच नाही."

शेवट काय झाला ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. अर्ज वेळेत गेला, स्थगिती मिळाली, कंपनी चर्चेला बसली आणि हप्ते नव्यानं, लहान करून बांधून मिळाले. मशीनला आता काम आहे. कर्ज फिटलं की अदलाबदलीचा दस्त रीतसर नोंदवायचा, असं वकिलीणबाईंनी आम्हा दोघींना दम देऊन सांगितलं आहे. तोवर आमचं घर कागदावर तिचंच आहे आणि तारण पडलेलं आहे. लोक विचारतात, भीती नाही वाटत? नाही वाटत. पण मला सांगायचं आहे ते अहमदाबादच्या त्या पाच मिनिटांबद्दल.

सकाळच्या गाडीनं आम्ही तिघी गेलो. मी रजा टाकली होती. गाडीत वकिलीणबाईंनी ठेपले खात खात बजावलं, "आत कुणीही विचारल्याशिवाय बोलायचं नाही. खासकरून तुम्ही." हे माझ्याकडे बोट करून. मी फणकाऱ्यानं खिडकीबाहेर बघायला लागले.

न्यायाधिकरण म्हणजे मी मनात कोर्टाचं काय काय चित्र रंगवलं होतं, पण ती साधी सरकारी खोली होती. वकिलीणबाईंनी पावती दाखवली, पत्र दाखवलं. मग कंपनीचा वकील उठला. तरुण, चुणचुणीत. म्हणाला, यात काहीतरी काळंबेरं आहे. कर्जदार या घरात राहतच नाही, तिथं भलतंच कुटुंब राहतं. वकिलीणबाई उत्तर द्यायला लागल्या, पण न्यायाधीश साहेबांनी हात वर केला आणि हिंदीत विचारलं, कर्जदार हजर आहे का?

शेजारीण उभी राहिली.

"त्या घरात कोण राहतं?"

"मेरी ताई रहती है, साहब."

"सगी बहन?"

"नहीं साहब. सगी नहीं है." मला वाटलं, आता ही खाली बसणार. पण ती तिच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलतच गेली. "मैं जिस घर में रहती हूँ, वो घर इनका है. हमने आपस में बदला था. ये चाहती तो उसी दिन मुझे निकाल के अपने घर में आ जाती. इनका कुछ नहीं जाता था साहब, सब मेरा जाता था. मैं खुद चाबी देने गई थी. इन्होंने चाबी नहीं ली. मेरे लिए वकील ले के आई."

तो चुणचुणीत वकील कागद चाळायला लागला. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आप हैं वो?"

मी उभी राहिले. बावीस वर्षं बोलण्याचा पगार घेते आहे मी, पण आधी मान वळवली. वकिलीणबाईंकडे बघितलं, विचारल्यावर बोलायची परवानगी होती ना?

"अपना घर छोड़ के आपने ऐसा क्यों किया?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सासूबाईंचं सांगता आलं असतं, दोन वर्षांच्या दुपारांचं सांगता आलं असतं. पण त्या खोलीत, त्या सगळ्या कागदांसमोर माझ्या तोंडून जे निघालं ते एवढंच:

"साहब, उस घर में कोई और आ जाता. मुझे दूसरी पड़ोसन नहीं चाहिए थी."